महासंगणकाची बुद्धिबळशक्ती घरगुती संगणकात

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आयबीएमच्या 'डीप ब्लू' या महासंगणकाकडून ३.५-२.५ असा पराभूत झाला. एकत्र जोडलेले ३० संगणक, खास बुद्धिबळासाठी घडवलेल्या ४८० चिप आणि सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासण्याचा वेग, असा या यंत्राचा थाट होता. कास्पारोव्हने यंत्राच्या काही चालींविषयी शंका घेतली व पुन्हा सामना मागितला. आयबीएमने तो नाकारला आणि प्रकल्प गुंडाळला. जगज्जेत्याला हरविणारे यंत्र एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून होते, हे त्या विजयाचे उणेपणच म्हणावे लागेल.

वास्तविक, महासंगणकावर मात करता येते हे दोन वर्षे आधीच दिसले होते. १९९५ मध्ये हाँगकाँग येथील संगणकांच्या जागतिक स्पर्धेत ९० मेगाहर्ट्झच्या साध्या पेंटियम संगणकावर चालणाऱ्या 'फ्रिट्झ'ने 'डीप ब्लू'च्या पूर्वरूपाला हरविले. जेतेपदाच्या निर्णायक लढतीतही त्याने इंटेलच्या 'पॅरागॉन' महासंगणकावर चालणाऱ्या 'स्टार सॉक्रेटिस'ला नमविले.

हे साधले ते काय तपासायचे नाही, हे ठरविण्याच्या कौशल्यामुळे. 'नल मूव्ह' ही त्यातील प्रमुख युक्ती. आपली चाल सोडून देऊन प्रतिस्पर्ध्याला लागोपाठ दुसरी चाल दिली, तरीही आपली बाजू भक्कम राहत असेल, तर त्या शाखेत अधिक खोल जाण्याची गरज नसते. वाचलेला वेळ कळीच्या चालींवर खर्च होतो. अर्थात, कोणतीही चाल केली तरी नुकसानच व्हावे, अशा अंत्यखेळातील स्थितीत ही युक्ती फसते. तेथे ती बंद ठेवावी लागते.

२००६ मध्ये बॉन येथे 'डीप फ्रिट्झ'ने जगज्जेता व्लादिमिर क्रामनिकला ४-२ असे हरविले. त्या संगणकात बाजारात मिळणारे दोन इंटेल प्रोसेसर होते आणि वेग सेकंदाला सुमारे ८० लाख स्थिती, म्हणजे 'डीप ब्लू'च्या पंचविसाव्या हिश्शाइतकाच. (दुसऱ्या डावात क्रामनिकला एका चालीत होणारी मातही दिसली नाही, हेही नमूद करायला हवे.) २००९ मध्ये ब्युनोस आयर्समधील स्पर्धेत मोबाइलवरील 'पॉकेट फ्रिट्झ ४'ने १० पैकी ९.५ गुण मिळविले. त्याचा वेग सेकंदाला २० हजार स्थितींपेक्षाही कमी होता.

२००८ पासून 'स्टॉकफिश' हा मुक्त प्रोग्राम विनामूल्य उपलब्ध आहे. २०२० मध्ये त्यात साध्या प्रोसेसरवरही वेगाने चालणारे न्यूरल नेटवर्क आले. जगज्जेत्याला मिळणारा सल्लागार आता शाळकरी खेळाडूलाही मिळतो; मात्र यंत्राने सुचविलेली चाल का चांगली, हे त्याला स्वतःच शोधावे लागते.

या सोयीने स्पर्धांच्या आयोजकांची डोकेदुखी मात्र वाढविली. २०१९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे एक ग्रँडमास्टर स्पर्धा सुरू असताना शौचालयात मोबाइलसह पकडला गेला. पुढे त्याच्यावर सहा वर्षांची बंदी आली. मोठ्या स्पर्धांत खेळाडूंना पटाकडे जाण्यापूर्वी धातुशोधक यंत्राच्या तपासणीला सामोरे जावे लागते.