बालीत सुट्टीला गेलात आणि अख्खं बेट बंद? 'न्येपी'च्या दिवशी नेमकं काय होतं

बाली म्हटलं की समुद्रकिनारे, भातशेतीच्या पायऱ्या, रात्री उशिरापर्यंत चालणारे कॅफे आणि स्कूटरनी भरलेले रस्ते डोळ्यांसमोर येतात. पण वर्षातला एक दिवस असा असतो, की त्या दिवशी या बेटावर उतरताच येत नाही. न्गुराह राय आंतरराष्ट्रीय विमानतळ सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत चोवीस तास बंद ठेवला जातो. दुकानं, हॉटेलांबाहेरची रेस्टॉरंट, एटीएम, समुद्रकिनारे, रस्ते, सगळं बंद. घरातला दिवा बाहेर दिसला तरी कोणीतरी येऊन दार वाजवतं.

हा संप नाही की कर्फ्यू नाही. हा बालीचा नववर्षदिन आहे. नाव 'न्येपी'. 'सेपी' म्हणजे शांत, सुनसान, त्यावरून हे नाव पडलं.

पाडव्याशी काय नातं?

मराठी माणसाला यात सगळ्यात जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे वर्षाचा आकडा. बालीत शक कालगणना चालते, तीच जी आपल्या पंचांगात 'शालिवाहन शके' म्हणून छापलेली असते. सुरुवात इसवी सन ७८ पासून. बालीत तिचं श्रेय सहसा सम्राट कनिष्काला दिलं जातं, आपल्याकडे शालिवाहनाला. श्रेय कोणाचंही असो, २०२६ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, १९ मार्चला आले आणि दोन्हीकडे शके १९४८ सुरू झालं. २०२३ मध्येही २२ मार्चला हाच योग होता.

दरवर्षी असं जुळत नाही. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होती आणि पाडवा थेट ९ एप्रिलला. कारण अधिक महिना. भारतात २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि पाडवा पुढे सरकला, बालीच्या पंचांगात तो महिना तेव्हा धरलेला नव्हता. त्यामुळे 'पाडव्याच्या सुट्टीत बाली' असा बेत आखणाऱ्यांनी फक्त आपलं कॅलेंडर बघून चालत नाही.

आणखी एक गंमत. बालीत वर्षाचा आकडा पहिल्या महिन्यात बदलत नाही, दहाव्या महिन्यात बदलतो. नवव्या महिन्याची, म्हणजे 'केसांगा'ची अमावस्या संपली की दुसऱ्या दिवशी न्येपी. दहाव्या महिन्याचं नाव 'केदासा', त्यातला 'दश' कानाला लगेच कळतो.

चार गोष्टींना मनाई

न्येपीचे नियम 'चातुर ब्राता' या नावाने ओळखले जातात. म्हणजे चार व्रतं. 'अमाती गेनी' म्हणजे आग आणि उजेड नाही, यातला 'गेनी' हा अग्नीच. 'अमाती कार्या' म्हणजे काम नाही. 'अमाती लेलुंगान' म्हणजे घराबाहेर पडायचं नाही. आणि 'अमाती लेलांगुआन' म्हणजे करमणूक नाही. अनेक जण यासोबत उपवास आणि मौनही पाळतात.

पर्यटकांना सांगितली जाणारी गोष्ट अशी, की आदल्या रात्री हाकललेली भुतं बेटावर परत येऊन बघतात, पण सगळीकडे अंधार आणि शुकशुकाट दिसल्यावर इथे कोणी राहत नाही असं समजून निघून जातात. गोष्ट रंगतदार आहे, म्हणून ती सगळीकडे छापून येते. पण घराघरात न्येपीचा अर्थ त्यापेक्षा साधा आहे. वर्षातला एक दिवस थांबायचं, स्वतःकडे बघायचं आणि निसर्गालाही थोडी उसंत द्यायची.

आदल्या दिवशी मात्र कानठळ्या

शांततेच्या आधीचे दिवस अजिबात शांत नसतात. काही दिवस आधी 'मेलास्ती'च्या मिरवणुका निघतात. पांढऱ्या कपड्यांतले गावकरी मंदिरातल्या पवित्र वस्तू डोक्यावर घेऊन शुद्धीसाठी समुद्रावर किंवा पाण्याच्या ठिकाणी जातात. मग अमावस्येच्या संध्याकाळी येतात 'ओगोह-ओगोह', बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस. बटाट्याएवढे डोळे, बाहेर आलेले सुळे, काही पुतळे तर दुमजली घराएवढे.

हे पुतळे बनवतात 'बंजार'मधली, म्हणजे वस्तीतली तरुण मुलं. वर्गणी, आठवडेच्या आठवडे चालणारं काम, शेजारच्या वस्तीशी चुरस, ढोलताशांसारखा कल्लोळ. आपल्या गणेश मंडळांची आठवण यावी असा सगळा मामला. थर्माकोल वापरायचा की नाही, हा वादही तिथे आहेच. मिरवणुकीत पुतळा चौकात गोल गोल फिरवतात आणि शेवटी अनेक ठिकाणी तो जाळून टाकतात. गावागावांत ही प्रथा आजच्या रूपात पसरली ती १९८०च्या दशकात. म्हणजे प्राचीन वाटणारी ही मिरवणूक आपल्या बऱ्याच मंडळांपेक्षाही तरुण आहे.

फसगत होते ती इथेच. विमान कंपन्यांना न्येपीची तारीख माहीत असते, त्या दिवसाच्या फेऱ्या वेळापत्रकातून काढलेल्या असतात. त्यामुळे न्येपीच्या दिवशी बालीत उतरणारा प्रवासी जवळपास नसतोच. अडकतो तो आदल्या संध्याकाळी उतरणारा. मिरवणुकीसाठी दुपारपासूनच रस्ते अडवलेले असतात, टॅक्सी मिळत नाही, मिळाली तर हॉटेलपर्यंत पोहोचत नाही. दुकानं लवकर बंद होतात आणि उघडी असतात तिथे दुसऱ्या दिवसाच्या खरेदीसाठी झुंबड उडते. रात्री दहाला सुटकेस ओढत होमस्टेवर पोहोचलेल्या जोडप्याला सकाळी कळतं, की आता चोवीस तास जे खोलीत आहे तेच खायचं.

बालीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, हेही लक्षात ठेवावं लागतं. तिथले सकाळचे सहा म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेतीन. रात्री भारतातून निघणाऱ्या प्रवाशाच्या तिकिटावर निघण्याची तारीख आदल्या दिवसाची असते, पोहोचण्याची दुसऱ्या दिवसाची. हॉटेल बुक करताना नेमका हाच घोळ होतो.

नियम कोण पाळायला लावतं?

'पेचालांग'. हे पारंपरिक गावरक्षक, कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र. न्येपीच्या दिवशी रस्त्यावर दिसणारी माणसं बहुतेक हीच. ते पोलीस नाहीत, पण त्यांचा शब्द चालतो. उजेड दिसला तर हटकतात, बाहेर फिरणाऱ्या पर्यटकाला परत आत पाठवतात. पर्यटक म्हणून सूट नाही. नियम मोडून वर हुज्जत घालणाऱ्या परदेशी पाहुण्यांना थेट देशाबाहेर पाठवल्याचीही उदाहरणं आहेत.

सवलत आहे ती गरजेला. रुग्णालयं चालू असतात, रुग्णवाहिका धावतात, प्रसूतीसाठी बाईला नेताना कोणी अडवत नाही. संकटात सापडलेलं विमान उतरू शकतं आणि आकाशातून पुढे जाणारी विमानं जातच असतात. बालीतल्या सुमारे ४३ लाख लोकांपैकी बहुसंख्य हिंदू असले तरी मुस्लिमांची संख्याही बरीच आहे. न्येपी शुक्रवारी आली तर ते जवळच्या मशिदीत पायी जाऊन, भोंग्याशिवाय नमाज पढतात. इंडोनेशिया हा जगातला सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येचा देश आणि न्येपी तिथे १९८३ पासून राष्ट्रीय सुट्टी आहे.

मोबाइलवरही शुकशुकाट

टीव्ही आणि रेडिओचं प्रसारण त्या दिवशी बेटावर थांबतं. २०१८ पासून मोबाइल इंटरनेटही बंद ठेवलं जातं. हॉटेलचं वायफाय अनेकदा चालू असतं, पण त्यावर भिस्त ठेवू नये. घरी आई-वडिलांना आधी सांगून ठेवलं नाही, तर इकडे काळजीने फोनवर फोन सुरू होतात. हा अनुभव अनेकांचा आहे.

ज्यांना त्या दिवशी बालीत राहायचंच आहे, त्यांच्यासाठी मोठं हॉटेल सोयीचं. पडदे ओढून, मंद दिव्यांत तिथलं रेस्टॉरंट पाहुण्यांपुरतं चालू असतं, आवारात फिरता येतं. समुद्रकिनारा मात्र हॉटेलला लागून असला तरी बंद. काही हॉटेलं चक्क न्येपीची खास पॅकेजं विकतात आणि ती घेणाऱ्यांत बेटावर राहणारे लोकही असतात, दिवाबत्ती आणि वायफायसाठी आलेले. व्रत पाळायचंय की चुकवायचंय, हा प्रश्न तिथेही पडतोच.

छोट्या होमस्टेत किंवा व्हिलात राहणाऱ्यांनी दोन वेळचं खाणं, पिण्याचं पाणी, नेहमीची औषधं आणि रोख रक्कम आदल्या सकाळीच आणून ठेवलेली बरी. शाकाहारी असाल तर जास्तच. चेक-इन आणि चेक-आउट त्या दिवशी होत नाही, म्हणून बुकिंग किमान दोन रात्रींचं असावं लागतं. अगदीच नको असेल तर शेजारच्या लोंबोकला किंवा गिली बेटांवर जाता येतं, तिथे व्यवहार चालू असतात. पण बालीची बंदरंही बंद असतात, त्यामुळे बोट आदल्या दिवशीचीच पकडावी लागते.

या सगळ्या गैरसोयीच्या बदल्यात मिळतं ते रात्रीचं आकाश. पर्यटनावर जगणाऱ्या बेटावरचे दिवे एका रात्रीपुरते विझतात आणि हवा स्वच्छ असेल तर आकाशगंगेचा पट्टा हॉटेलच्या अंगणातून दिसतो.

दुसरा दिवस 'न्गेम्बाक गेनी'चा, म्हणजे पुन्हा अग्नी पेटवण्याचा. लोक नातेवाइकांकडे जातात, वर्षभरातल्या चुकांची माफी मागतात. देनपसारच्या सेसेतान भागात तरुण मुलामुलींचे दोन गट एकमेकांसमोर उभे राहतात, मिठ्या मारतात, चुंबन घेतात आणि वरून पाण्याच्या बादल्या ओतल्या जातात. या खेळाला 'ओमेद-ओमेदान' म्हणतात. तोवर विमानतळ उघडलेला असतो आणि चोवीस तास थांबलेले प्रवासी रांगेत उभे असतात.