विटा वाहणारा भिक्खू आणि गावकुसाबाहेरची साक्ष



चीनमधल्या शीआन शहरात यान्ता नावाचा विभाग आहे. यान्ता म्हणजे रानहंसाचा स्तूप. त्याच नावाच्या मेट्रो स्टेशनवर आम्ही उतरलो. समोर सात मजली, सुमारे ६४ मीटर उंच विटांचा स्तूप आणि चौकात युआन श्वांगचा पुतळा. शाळेच्या पुस्तकात ज्याला आपण ह्युएन त्संग म्हणून घोकलं आणि परीक्षेनंतर विसरलो, तोच हा.

इ.स. ६४५ मध्ये तो भारतातून परतला तेव्हा २० घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. ते आगीपासून वाचावेत म्हणून ६५२ मध्ये स्तूप बांधायला घेतला. त्याला दगडी हवा होता. सम्राट म्हणाला, विटांचा बांधा. त्याच्या चरित्रात नोंद आहे की पन्नाशी गाठलेला हा महापंडित स्वतः टोपलीतून विटा वाहत होता. आम्ही तिथे बराच वेळ याच गोष्टीवर बोलत राहिलो. आपल्याकडे ग्रंथ एका जातीच्या हातात आणि विटांची पाटी दुसऱ्या जातीच्या डोक्यावर, अशी वाटणी धर्माने करून ठेवली होती. इथे ग्रंथ आणि वीट एकाच माणसाच्या हातात. (आजचं रूप मात्र नंतरचं, ७०१ ते ७०४ मधल्या पुनर्बांधणीचं आहे. मूळचे मजले पाचच.)

नावसुद्धा आपल्या मातीतलं. मगधात भिक्खूंसमोर एक हंस मरून पडला, त्यांनी मांसाहार सोडला आणि त्याच्यासाठी स्तूप बांधला, ही कथा युआन श्वांगनेच लिहून ठेवली आहे.

स्तूपाभोवती आज कारंजी, रोषणाई आणि थांग काळाचे पोशाख घालून फोटो काढणारी गर्दी. वैभव विकलं जातं, त्याबद्दल तक्रार नाही. पण याच शहरात ६४६ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात वैभवाखेरीजही काही आहे. खाटीक, कोळी, खेळ करणारे, फाशी देणारे, मैला काढणारे यांच्या घरांवर खूण असते, त्यांना नगराबाहेर राहावं लागतं, वस्तीत येता-जाता रस्त्याच्या डाव्या कडेने सरकावं लागतं. ही साक्ष बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथात तपासली. इ.स. २०० मध्ये अस्पृश्यता नव्हती, ६०० पर्यंत ती आली होती, असं त्यांनी मांडलं. म्हणजे ती सनातन नाही. तिला जन्मकाळ आहे. जातिव्यवस्था इंग्रजांनी रचली असं सांगणाऱ्यांनी सातव्या शतकातल्या या परदेशी भिक्खूचं काय करायचं ते ठरवावं. सिंधचा राजा शूद्र आणि बुद्धाचा अनुयायी होता, हेही त्यानेच नोंदवलंय.

आपल्यातले काही जण चीनला धम्माचं माहेर समजतात. तेही पुरतं खरं नाही. ८४५ मध्ये सम्राट वूत्सुंगने ४,६०० हून अधिक विहार पाडले, २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींची चीवरं उतरवली. राजधानीत मोजके चार विहार ठेवले, त्यात या स्तूपाचा विहार होता म्हणून तो वाचला. राजाच्या मर्जीवर तगलेला धम्म किती तकलादू असतो, ते तिथेही दिसतं.

नालंदा पाहायला गेलो होतो तेव्हा गाईडने बख्तियार खिलजीची गोष्ट रंगवून सांगितली. ती जागा सापडली कशी, हे मात्र आम्हीच विचारलं, आणि त्याला सांगता आलं नाही. अलेक्झांडर कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात बडगाव नावाच्या खेड्यातले ढिगारे ओळखले, ते चिनी यात्रेकरूंची अंतरं आणि दिशा जुळवून. श्रावस्ती आणि कुशीनगरही तसंच सापडलं. आपल्याच भूमीचा पत्ता आपल्याला शीआनहून कळला.

त्याच पुस्तकात महाराष्ट्रावर एक प्रकरण आहे: शंभरावर विहार, पाच हजारांवर भिक्खू. येत्या रविवारी अभ्यासवर्गात तेच वाचायला घेतोय. येताना आपापल्या तालुक्याचा नकाशा आणा.