लिली आणि चंद्रकोर : एका ‘अपवित्र’ दोस्तीची हकिकत

शाळेत असताना आपण सर्वांनीच एक वाक्य पाठ केलेले आहे. १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, खुष्कीचे व्यापारी मार्ग अडले आणि युरोपियनांना समुद्रमार्ग शोधणे भाग पडले. परीक्षेत या वाक्याला दोन गुण मिळत. पण या वाक्याने आपल्या मनात एक चित्रही कोरून ठेवले. एका बाजूला सारा ख्रिस्ती युरोप, दुसऱ्या बाजूला तलवार उपसलेला तुर्क आणि दोघांमध्ये कधीही न मिटणारे वैर. या चित्राचा आधार घेऊन कुणी आमच्याकडे बोट दाखवतो, तर आमच्यातलेच काही जण त्यावरून छाती फुगवतात. दोघांचीही समजूत एकच असते की, तो झगडा दोन धर्मांचा होता.

खरोखरच तसे होते काय? सोळाव्या शतकातील तहनामे आणि खलिते उलगडले की, हे चित्र टिकत नाही.

त्या काळी युरोपात दोन घराणी एकमेकांना पाण्यात पाहत होती. एकीकडे हॅब्सबर्ग सम्राट पाचवा चार्ल्स. स्पेन, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया आणि इटलीचा मोठा भाग त्याच्या घराण्याकडे होता. दुसरीकडे फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस. त्याचे राज्य चोहोबाजूंनी चार्ल्सच्या मुलखाने वेढलेले होते. दोघेही कॅथलिक, दोघेही पोपचे मानलेले पुत्र. २४ फेब्रुवारी १५२५ रोजी इटलीतील पाव्हियाच्या लढाईत फ्रान्सिसचा पराभव झाला आणि तो स्वतः चार्ल्सच्या हाती कैद झाला.

मुलगा कैदेत, शत्रू दाराशी, आणि शेजारचा एकही ख्रिस्ती राजा भरवशाचा नाही. अशा वेळी राज्याचा कारभार पाहणाऱ्या राजमाता लुईझने मदतीसाठी दूत पाठवला तो थेट इस्तंबूलला, सुलतान सुलेमानकडे. पहिला दूत वाटेत बोस्नियात मारला गेला. दुसरा दूत फ्रांजिपानी, बुटाच्या तळव्यात पत्रे लपवून १५२५ च्या अखेरीस इस्तंबूलला पोहोचला. सुलेमानने दिलेले उत्तर पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही जपून ठेवलेले आहे. त्यात आधी सुलतानाच्या बिरुदांची लांबलचक माळ आहे, मग फ्रान्सिसचा उल्लेख नुसता फ्रान्स प्रांताचा राजा म्हणून आहे आणि मग दिलासा आहे. राजे हरतात, कैद होतात, त्यात नवल नाही, हिंमत सोडू नये, आमचा घोडा रात्रंदिवस जीन कसून तयार आहे, असा त्याचा आशय.

जानेवारी १५२६ मध्ये फ्रान्सिसने माद्रिदचा तह केला. बर्गंडी देण्याचे आणि इटलीवरचा हक्क सोडण्याचे वचन दिले, दोन मुलगे ओलीस ठेवले आणि तो सुटला. फ्रान्समध्ये पाऊल पडताच त्याने तो तह झुगारून दिला. तह जबरीने लिहून घेतला होता, हे त्याचे कारण. त्याच वर्षी मे महिन्यात पोप सातव्या क्लेमेंटने चार्ल्सविरुद्ध फ्रान्सिसशी युती केली. ध्यानात घ्या, खुद्द पोपने कॅथलिक सम्राटाविरुद्ध युती केली! आणि २९ ऑगस्ट १५२६ रोजी मोहाचच्या रणांगणावर सुलेमानने हंगेरीचे सैन्य धुळीस मिळवले. तेथे मारला गेलेला हंगेरीचा राजा लुई हा चार्ल्सचा मेहुणा होता.

पुढे १५३५ मध्ये फ्रान्सिसने झां द ला फोरे याला कायमचा वकील म्हणून सुलतानाच्या दरबारी पाठवले. वजीर इब्राहीम पाशाशी वाटाघाटी होऊन १५३६ च्या आरंभी एक मसुदा तयार झाला. फ्रेंच व्यापाऱ्यांनी सुलतानाच्या रयतेइतकीच जकात द्यावी, त्यांचे आपसातले तंटे त्यांच्याच कॉन्सलने मिटवावेत आणि त्यांना आपला धर्म पाळता यावा, अशी त्यातली कलमे होती. पण मार्चमध्ये सुलतानाच्या हुकमाने इब्राहीम पाशाचाच जीव घेतला गेला. त्यामुळे त्या मसुद्यावर शिक्कामोर्तब झालेच नाही, असे आज बरेच इतिहासकार मानतात. फ्रान्सला निर्विवादपणे मिळालेला व्यापारी अहदनामा १५६९ सालचा, दुसऱ्या सलीमच्या कारकिर्दीतला. लष्करी दोस्ती मात्र कागदाची वाट पाहत थांबली नाही.

१५४३ मध्ये खैरुद्दीन बार्बारोसाचे आरमार फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले. फ्रेंच आणि तुर्क सैन्याने मिळून नीस शहराला वेढा दिला. शहर पडले, किल्ला पडला नाही. थंडीच्या दिवसांत या आरमाराच्या मुक्कामासाठी फ्रान्सिसने तुलाँ हे आपले बंदरच मोकळे करून दिले. रहिवाशांना घरे सोडण्याचा हुकूम झाला आणि तेथील कॅथेड्रलमध्ये नमाज होऊ लागली, अशी नोंद आहे. युरोपभर बोंब उठली. फ्रान्सच्या निशाणावरची लिली आणि तुर्कांची चंद्रकोर यांची ही युती अपवित्र आहे, असा ठपका चार्ल्सच्या बाजूने ठेवला गेला.

पण ठपका ठेवणारे हात तरी स्वच्छ होते काय? हाच चार्ल्स सुलेमानच्या पाठीवर दुसरा शत्रू उभा करण्यासाठी इराणच्या सफवी शहाकडे दूत पाठवत होता. कॅथलिक सम्राटाला शिया शहा हवा होता आणि कॅथलिक राजाला सुन्नी सुलतान. तुर्कांशी लढायला जर्मनीतील प्रॉटेस्टंट सरदारांची कुमक हवी म्हणून चार्ल्सने १५३२ मध्ये न्यूरेंबर्गला त्यांच्याशी समेट केला आणि त्यांच्या पंथाला तात्पुरते अभय दिले. सुलेमानच्या फौजांचा धाक नसता तर प्रॉटेस्टंट पंथाला बाळसे धरायला तेवढी उसंत मिळाली असती का, हा प्रश्न युरोपचे इतिहासकारही विचारतात.

या हकिकतीची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही. तुलाँहून १५४४ मध्ये परतताना बार्बारोसाच्या आरमाराने इटलीचा किनारा लुटला. लिपारी बेटावरची हजारो माणसे गुलाम करून नेली. त्यात बायका होत्या, लेकरे होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रान्सिसने क्रेपीच्या तहात चार्ल्सला तुर्कांविरुद्ध मदतीचे वचन देऊन टाकले. राजांच्या दोस्तीत वचन मोडले जाते ते कागदावर. त्याची किंमत चुकवतात ती मात्र तुलाँचे बेघर झालेले लोक आणि लिपारीचे कैदी. अशा आरमाराच्या कौतुकाचे पोवाडे आम्ही का गावेत?

आता त्या अहदनाम्यांचे पुढे काय झाले ते पाहू. युरोपात त्यांना ‘कॅपिट्युलेशन्स’ म्हणत. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कलमे किंवा प्रकरणे एवढाच, शरणागतीचा तेथे संबंध नाही. देणारा सुलतान बलवान होता. परक्या व्यापाऱ्यांना सवलती देणे ही त्याची मेहेरबानी होती आणि ती त्याच्या हयातीपुरती असे. नवा सुलतान आला की अहदनामा नवा करून घ्यावा लागे. १५८० मध्ये इंग्लंडला आणि १६१२ मध्ये डचांनाही अशा सवलती मिळाल्या.

पण पारडे फिरले. १७३९ च्या बेलग्रेड तहात फ्रेंच वकिलाने मध्यस्थी केली. त्याची परतफेड म्हणून १७४० मध्ये सुलतान पहिल्या महमूदने फ्रान्सच्या सवलती कायमच्या करून दिल्या. मेहेरबानीचा हक्क झाला. १८३८ च्या इंग्रजांबरोबरच्या व्यापारी तहाने आयात मालावरची जकात पाच टक्क्यांवर बांधली गेली, तर तुर्कस्तानच्या स्वतःच्या निर्यात मालावर बारा टक्के लागले. स्वतःच्या बंदरातली जकात वाढवायची तर परक्यांची संमती हवी, अशी पाळी आली. क्रिमियाच्या युद्धानंतर १८५६ च्या पॅरिस तहाने तुर्कस्तानला युरोपीय राष्ट्रांच्या पंगतीत बसवले खरे, पण पंगतीत पाट मिळाला तरी हात बांधलेलेच राहिले. कर्ज वाढत गेले आणि १८८१ मध्ये सावकारांच्या प्रतिनिधींचे कर्जवसुली मंडळ इस्तंबूलमध्येच येऊन बसले.

१९१४ मध्ये तुर्की सरकारने या सवलती आपण होऊन रद्द केल्या. १० ऑगस्ट १९२० च्या सेव्हर तहाने त्या पुन्हा लादल्या आणि देशाचे लचकेही तोडले. याच तहाच्या अटींविरुद्ध मुंबईपासून मलबारपर्यंत खिलाफत चळवळीत माणसे रस्त्यावर आली. आमच्या घराघरांतील वडीलधाऱ्यांनी त्या चळवळीच्या आठवणी सांगितल्या आहेत. पण सेव्हरचा कागद फाडला गेला तो तुर्की जनतेच्या स्वतःच्या लढ्याने. २४ जुलै १९२३ च्या लोझानच्या तहात इस्मत पाशाने इतर अटींबरोबर या सवलतींचा शेवटही लिहून घेतला. पुढच्याच वर्षी, ३ मार्च १९२४ रोजी, अंकाराच्या विधिमंडळाने खिलाफतही संपवली. आमची मंडळी ज्या गादीसाठी तुरुंगात गेली ती गादी तुर्कांनीच मोडीत काढली. हा धक्का मोठा होता, आणि त्यातला धडाही तेवढाच मोठा होता.

राज्ये दोस्ती करतात ती गरजेपोटी, आणि मोडतात तीही गरजेपोटी. धर्माचे नाव बहुतेक वेळा शिक्क्यासारखे वरून उमटवलेले असते. म्हणून फ्रान्सिसला ख्रिस्ताचा गद्दार म्हणणारे जितके चुकतात, तितकेच सुलेमानच्या प्रत्येक स्वारीला इस्लामची स्वारी समजणारेही चुकतात. सुलतानांच्या विजयाचा वारसा आमचा नाही आणि त्यांच्या जुलमाचा जाबही आम्ही द्यायचा नाही. आमच्या मुलांनी ते दोन गुणांचे वाक्य जरूर पाठ करावे. पण त्यापुढे बुटाच्या तळव्यातल्या त्या पत्राची गोष्टही त्यांना कुणीतरी सांगावी.