अग्निशामक बंब : घोड्यांच्या गाडीपासून फोम टेंडरपर्यंत

देहू - पाणी तापविणारा तांब्याचा बंब आणि घंटा वाजवीत धावणारा लाल बंब यांना मराठीत एकच नाव आहे. पंप या अर्थाच्या पोर्तुगीज 'बोंबा' शब्दावरून ते आले, असे मानले जाते. अग्निशामक बंब मुळात चाकांवरचा पंपच होय. मुंबईत पूर्वी वाफेवर चालणारे बंब घोडे ओढत असत. १९०७ मध्ये तेथे मोटारीचा बंब आला. मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' जहाजाच्या स्फोटात ६६ अग्निशामक जवान हुतात्मा झाले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

बंबांचे प्रकार
नेहमीच्या 'वॉटर टेंडर'मध्ये सुमारे ४,५०० लिटर पाणी मावते. पंप पूर्ण क्षमतेने चालविल्यास ही टाकी काही मिनिटांतच रिकामी होते. त्यामुळे मागोमाग पाण्याचे टँकर पाठवावे लागतात किंवा विहीर, तलाव, नदीतून पाणी उपसावे लागते. तेल वा रंगाच्या आगीवर नुसते पाणी मारल्यास ती पसरण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी 'फोम टेंडर'मधील फेसाचा थर हवेचा पुरवठा तोडतो. उंच इमारतींसाठी हायड्रॉलिक शिडीची वाहने, तर अपघातात अडकलेल्यांसाठी पत्रा कापणारी यंत्रे असलेले 'रेस्क्यू टेंडर' वापरतात. विद्युत वाहनांच्या बॅटरीची आग विझल्यासारखी वाटली तरी पुन्हा भडकू शकते. ती थंड करण्यास भरपूर पाणी लागते.

देहू परिसरातील आपत्ती
इंद्रायणीकाठच्या या तीर्थक्षेत्राला लागून तळवड्याची औद्योगिक वस्ती, एका बाजूस देहूरोड लष्करी छावणी आणि पलीकडे चाकणचे कारखाने आहेत. त्यामुळे येथे येणाऱ्या आपत्तीही निरनिराळ्या असतात. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे केकवरील शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यात भीषण आग लागून ६ महिला कामगार मृत्युमुखी पडल्या. जखमींपैकी आणखी काहींनी उपचारादरम्यान प्राण सोडले. कारखाना विनापरवाना असल्याचे प्रशासनाने त्या वेळी सांगितले होते. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळून ४ जणांचा मृत्यू झाला. तेथे आग नव्हती, तरीही राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलासोबत अग्निशमन दलाचे जवान बचावकार्यात होते.

बंब पोहोचण्यापूर्वी
तळवड्याच्या दुर्घटनेचा धडा स्पष्ट आहे. ज्वालाग्राही दारूच्या मिश्रणाने पेट घेतल्यावर सुटकेसाठी काही क्षणच मिळतात. अद्ययावत बंबही तेवढ्यात पोहोचू शकत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. यंत्रणा चालू असल्याचे 'नमुना ब' प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. कामगारांसाठी बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग खुला ठेवणे हे तर त्याहूनही सोपे काम आहे.

मदतीसाठी १०१ किंवा ११२ क्रमांक फिरवावा. नेमका पत्ता, जवळची खूण, काय पेटले आहे आणि आत कोणी अडकले आहे काय, एवढे सांगावे. तेल जळत आहे की रसायन, हे आधी कळले तर योग्य तो बंब पहिल्याच फेरीत निघतो.