क्रेऑनचा युक्तिवाद

महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही भर सभेत नाकारतो. कालिदासाने त्या कथेत दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका आणली आणि राजाच्या माथ्यावरचा दोष बराचसा उतरविला. जुनी कथा नव्याने रचणारा नाटककार काय ठेवतो यापेक्षा काय बदलतो, हे पाहणे म्हणूनच अधिक उद्बोधक असते. दोषाचे माप कोणाच्या पदरात पडावयाचे, ते त्या बदलावरून ठरते. याच दृष्टीने, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये रंगभूमीवर आलेल्या एका नाटकाचा आज विचार करावयाचा आहे. ते नाटक म्हणजे झाँ अनुई या फ्रेंच नाटककाराचे ‘अँटिगनी’.

मूळ नाटक सोफोक्लीझचे, इ. स. पूर्व ४४१ च्या सुमारास अथेन्समध्ये झालेले. थीब्जच्या गादीसाठी ईडिपसचे दोन पुत्र एकमेकांच्या हातून मरतात आणि त्यांचा मामा क्रेऑन राजा होतो. एटिओक्लीझला तो राजेशाही इतमामाने मूठमाती देतो. नगरावर चालून आलेल्या पॉलिनायसीझचे प्रेत मात्र उघड्यावर टाकावयास लावतो. जो त्यास माती देईल त्याला देहदंड. त्यांची बहीण अँटिगनी ही आज्ञा मोडते, कारण राजाज्ञेहून देवांचे अलिखित नियम श्रेष्ठ, अशी तिची श्रद्धा आहे. अंध द्रष्टा टायरीसियस राजाला सावध करतो, राजा पस्तावतो. पण तोवर वेळ निघून गेलेली असते. अँटिगनी, तिचा वाग्दत्त वर हीमन, म्हणजे राजाचाच मुलगा, आणि पाठोपाठ राणी अशा तिघांनी प्राण दिलेले असतात.

ही कथा अनुईने हाती घेतली ती कोणत्या दिवसांत? जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. व्हीशी येथील फ्रेंच सरकारने जेत्यांशी सहकार्याचे धोरण पत्करले. ऑगस्ट १९४१ मध्ये व्हर्साय येथे पॉल कोलेत नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने या धोरणाचे पुरस्कर्ते लाव्हाल व देआ यांच्यावर गोळ्या झाडल्या. दोघेही वाचले. एकट्याने, फलाची आशा न धरता केलेल्या या कृत्यावरून अनुईला अँटिगनीची आठवण झाली, असे सांगितले जाते. फेब्रुवारी १९४४ मध्ये आंद्रे बार्साकच्या दिग्दर्शनाखाली पॅरिसच्या आतलिए नाट्यगृहात हे नाटक सुरू झाले, तेही जर्मन परीक्षकांच्या संमतीने.

पात्रांच्या अंगावर आधुनिक पोशाख होता; परंतु खरा बदल आत होता. अनुईने टायरीसियसला गाळले आणि त्याच्याबरोबर देवांनाही रजा दिली. क्रेऑन येथे जुलमी राजा राहिला नाही. तो एक थकलेला, समंजस, कामसू कारभारी झाला. त्याला संगीताची आवड, जुन्या ग्रंथांचा नाद. पण गळक्या जहाजाचे सुकाणू कोणी तरी धरले पाहिजे म्हणून त्याने ते धरले आहे. भाचीला मारण्याची त्याला मुळीच इच्छा नाही. तो तिला सांगतो की तुझे दोघे भाऊ सारखेच नीच होते. त्यांची प्रेते घोड्यांच्या टापांखाली ओळखू न येण्याइतकी चिरडली होती. त्यांतले जे बरे होते ते आपण समारंभाने पुरविले, आणि ते कोणाचे हे आपल्यालाही ठाऊक नाही. हे ऐकून अँटिगनी जवळजवळ माघार घेते. पुढे क्रेऑन तिला सुखाने संसार करावयास सांगतो, तेव्हा त्या बेतशीर सुखाच्या तिटकाऱ्याने ती पुन्हा उसळून उठते.

पॅरिसच्या प्रेक्षकांत फूट पडली ती येथेच. काहींना अँटिगनीच्या नकारात देशाचा नकार ऐकू आला. जर्मनधार्जिण्या पत्रांतून नाटकाची स्तुती झाली, तर भूमिगत लेखकांच्या पत्राने त्यावर कडाडून टीका केली. क्रेऑनला इतके आदरणीय करणे म्हणजे व्हीशीची वकिली करणे होय, असा या टीकेचा रोख होता. बेर्टोल्ट ब्रेश्टने १९४८ मध्ये हेच नाटक नव्याने रचले, तेव्हा क्रेऑनला उघड उघड आक्रमक युद्धखोर करून त्याने ही अडचणच उरू दिली नाही.

विद्यार्थिदशेत अनुईचे नाटक मी इंग्रजी भाषांतरातून प्रथम वाचले, तेव्हा क्रेऑनचा पक्ष मला पटला होता. पुढे शासनाच्या चाकरीत आल्यावर तर तो अधिकच पटला. एके वर्षी पावसाळ्यापूर्वी नदीकाठची घरे हलविण्याचा हुकूम माझ्या सहीने निघाला. हुकूम योग्यच होता. एक म्हातारी कचेरीत येऊन म्हणाली, “साहेब, लेकाचं तेरावं होऊ द्या, मग आम्हीच उठतो.” प्रश्न पाच दिवसांचा होता. नियम सर्वांना सारखा, असे मी तिला अत्यंत सौम्य शब्दांत सांगितले. आपला आवाज चढला नाही, याचे त्या दिवशी मला समाधानही वाटले होते.

त्यानंतर नाटक पुन्हा वाचले, तेव्हा पूर्वी नजरेतून निसटलेली एक जागा दिसली. अँटिगनीला वाचविण्यासाठी क्रेऑन तिला म्हणतो, घरी जा, आजारी आहेस असे सांग. तुला पकडून आणणाऱ्या तीन पहारेकऱ्यांना नाहीसे करण्याची व्यवस्था मी करतो. तीन माणसे! त्यांनी केले ते त्याचीच आज्ञा पाळण्याचे काम. त्यांना नाहीसे करण्याची गोष्ट हा सुसंस्कृत गृहस्थ आवाज न चढविता, एखादे टिपण हातावेगळे करावे तशी बोलून जातो. टीकाकारांचा राग मी समजू शकतो. परंतु अनुईने क्रेऑनची वकिली केली असे मला आता वाटत नाही. ज्याचा युक्तिवाद बिनतोड वाटतो, त्याची किंमत कोणाच्या खाती मांडली जाते, हे त्याने त्या एका वाक्यात दाखवून ठेवले आहे. सोफोक्लीझच्या राजाला सावध करावयास द्रष्टा होता. या क्रेऑनला कोणी नाही. ते काम नाटककाराने प्रेक्षकांकडे सोपविले आहे.

नाटकाच्या शेवटी मुलगा आणि पत्नी गेल्यानंतर क्रेऑन वेळ विचारतो. पाच वाजलेले असतात, आणि पाचला मंत्रिमंडळाची बैठक असते. तो बैठकीला जातो. एके काळी हा प्रवेश वाचताना मला त्याच्या कर्तव्यनिष्ठेचे कौतुक वाटे. आता मला ती म्हातारी आठवते.