जुनी हायब्रिड गाडी : खरेदीपूर्वी काय तपासावे?

पेट्रोलचे इंजिन आणि विद्युत मोटर या दोहोंच्या साह्याने धावणाऱ्या गाडीला हायब्रिड म्हणतात. टोयोटाने डिसेंबर १९९७मध्ये जपानमध्ये 'प्रियस' विक्रीस आणली आणि हे तंत्रज्ञान सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचले. भारतात २००८मध्ये होंडाची 'सिव्हिक हायब्रिड', तर २०१०मध्ये 'प्रियस' आली. परंतु किमतीमुळे दोन्ही मोजक्याच घरांत गेल्या. २०२२मध्ये होंडा 'सिटी', टोयोटा 'हायरायडर' आणि मारुती 'ग्रँड व्हिटारा' यांच्या हायब्रिड आवृत्त्या आल्यानंतर हे चित्र बदलले. याच गाड्या आता जुन्या बाजारात दिसू लागल्या असून, 'मायलेज उत्तम, पण बॅटरी गेली तर?' हा प्रश्न ग्राहकापुढे उभा राहतो.

नावावर जाऊ नये

जाहिरातीत 'हायब्रिड' असा उल्लेख असला, तरी त्याचे दोन प्रकार आहेत. 'माइल्ड हायब्रिड'मध्ये मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते. ती एकटी गाडी ओढू शकत नाही. मारुतीने २०१५मध्ये 'सिआझ'मध्ये आणलेली यंत्रणा या प्रकारातली. 'स्ट्राँग हायब्रिड' गाडी मात्र काही अंतर इंजिन बंद ठेवून केवळ विजेवर धावते. इंधनाची मोठी बचत होते ती याच प्रकारात. 'हायरायडर' आणि 'ग्रँड व्हिटारा' या दोन्ही प्रकारांत विकल्या गेल्या असल्याने नेमकी आवृत्ती आरसी बुक आणि मूळ बिलावरून पडताळून घ्यावी.

बचतीचे गणित

ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा हायब्रिड गाडी बॅटरीत साठवते. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या थांबत थांबत सरकणाऱ्या वाहतुकीत तिचा लाभ सर्वाधिक, तर द्रुतगती महामार्गावर एकसारख्या वेगात तो कमी होतो. समजा, शहरात साधी पेट्रोल गाडी लिटरमागे १६ किलोमीटर आणि तशीच हायब्रिड २२ किलोमीटर धावते. वर्षाला १० हजार किलोमीटर वापर असल्यास सुमारे १७० लिटर पेट्रोल वाचते. दर १०० रुपये धरला, तर ही बचत १७ हजार रुपयांची होते. दोन गाड्यांच्या किमतीत दोन लाखांचा फरक असेल, तर तो भरून निघायला जवळपास बारा वर्षे लागतील. वापर वर्षाला २० हजार किलोमीटर असेल, तर सहा वर्षे पुरतात. गाडी पुन्हा विकताना या फरकाचा काही भाग परत मिळू शकतो, हेही ध्यानात घ्यावे. तरीही केवळ रविवारी गाडी बाहेर काढणाऱ्या कुटुंबाला साधी पेट्रोल गाडीच परवडते.

बॅटरीची प्रकृती

मुख्य बॅटरी हा गाडीतील सर्वांत महागड्या भागांपैकी एक. भारतात 'हायरायडर' आणि 'सिटी' हायब्रिडच्या या बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत वॉरंटी दिली गेली. ती नव्या मालकाला लागू राहील का, हे कंपनीच्या सेवा केंद्राकडून लेखी घ्यावे. तेथेच संगणकीय तपासणी करून बॅटरीच्या सर्व भागांचा दाब सारखा आहे की नाही, हे पाहून घ्यावे. नवी बॅटरी बसविण्याचा खर्चही विचारावा आणि वॉरंटी संपत आली असेल, तर किंमत ठरविताना तो हिशेबात धरावा.

गाडी थंड असताना किमान अर्धा तास चालवून पाहावी. पडद्यावरील चार्जची पातळी झपाट्याने चढत-उतरत असेल किंवा सिग्नलला उभे असताना इंजिन वारंवार सुरू होत असेल, तर बॅटरी थकल्याची शंका घ्यावी. अनेक गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारा पंखा व त्याची जाळी मागच्या आसनाजवळ असते. ती धुळीने चोंदली, की बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. महिनोन्‌महिने उभी राहिलेली, कमी किलोमीटर धावलेली गाडी म्हणूनच नेहमी चांगली असते असे नाही.

पुरात बुडालेली गाडी टाळावी

हायब्रिडमध्ये उच्च दाबाच्या वायरी असतात; त्यांचे आवरण नारिंगी रंगाचे असते. या यंत्रणेत पाणी शिरले असल्यास दुरुस्ती अवघड आणि धोक्याची ठरते. गालिच्याखालचा गंज, कुबट वास आणि सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारे चिखलाचे डाग ही पुराची लक्षणे. विम्याच्या दाव्यांचा इतिहासही विचारावा.

कागदपत्रे

सर्व्हिसच्या नोंदी, कर्ज फिटल्याचा दाखला, विमा आणि प्रलंबित दंड तपासावेत. मालकी हस्तांतरासाठी आरटीओत नमुना २९ व ३० भरावे लागतात. गाडी परराज्यातली असल्यास ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथील कराचा खर्च जमेस धरावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यामुळे २००८च्या सुमाराची हायब्रिड कितीही स्वस्त मिळाली, तरी नोंदणीचे नूतनीकरण आणि जुनी बॅटरी या दोहोंचा भार खरेदीदारावर येतो.

थोडक्यात, रोजचा शहरी प्रवास मोठा, बॅटरीची वॉरंटी निदान तीन-चार वर्षे शिल्लक आणि सेवा केंद्राच्या नोंदी पूर्ण, या तिन्ही गोष्टी जुळत असतील, तर जुनी हायब्रिड घेण्यास हरकत नाही. यांपैकी एखादी गोष्ट कमी पडत असेल, तर विक्रेत्याने दर उतरविला तरी घाई करू नये.