उद्यानसहल : आधी उंची, मग अंदाजपत्रक
रायगड जिल्ह्यातील खोपोलीजवळचे ‘इमॅजिका’ हे मनोरंजन उद्यान २०१३ मध्ये सुरू झाले. लहान मुलासह तेथे जाण्याचा खर्च आखताना प्रथम मुलाची उंची मोजावी. कारण अशा उद्यानांत तिकिटाचा दर आणि राइडवरील प्रवेश बहुधा वयापेक्षा उंचीवर ठरतो. मूल बुटके असल्यास मोठ्या राइड त्याला बंद राहतात आणि सोबत थांबणाऱ्या पालकाचे पूर्ण तिकीटही निम्मे वाया जाते. अशा वेळी सहल वर्षभर पुढे ढकलणे शहाणपणाचे. गोव्याहून कोकण रेल्वेने पनवेल गाठून पुढे रस्त्याने जाता येते. प्रवास, मुक्काम, तिकिटे व उद्यानातील भोजन असा चौपदरी हिशेब मांडावा. सुट्टीचे दिवस टाळावेत. मुलाच्या दुपारच्या झोपेसाठी वेळ राखावा.